शिफ्टची वही आणि तीन ओळी

५ फेब्रुवारी

चि. टाचणी,

ताईचं पत्र आलं. त्यात दोन बातम्या होत्या. पहिली, तू विद्यापीठाची पदवीधर झालीस. आनंदाने मी टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला, मामी ओरडली. म्हणजे सोहळा रीतसर पार पडला. दुसरी, तू नोकरीला लागलीस, आणि ती नोकरी घराच्या पुढच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनकडे पाठ करून, मांडीवर लॅपटॉप घेऊन करायची आहे. तीन महिने पारखणार, मग एप्रिलअखेर ठेवणार नाहीतर नारळ देणार.

मी चौतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात होतो, त्यातली शेवटची बारा फोरमन. लोक मला भोंगा म्हणायचे, कारण मी गेटवर बोलायला उभा राहिलो की कारखान्याचा खरा भोंगा कमी ऐकू यायचा. त्या अधिकाराने सांगतो: काम म्हणजे माणसाशेजारी उभं राहणं. शेजारचा पाना कसा धरतो, कुठे थांबतो, कशावर चिडतो, हे बघत बघत माणूस घडतो. तू तीन वर्षं पडद्यावर शिकलीस, वर्गात पाऊल टाकलं नाहीस, आणि आता पडद्यावरच राबणार. गादीवर हातपाय मारून पोहायला शिकलीस, आता शर्यतही गादीवरच! एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं एकमेकांसाठी उभी राहत नसतात. हे मी हजार माणसांपुढे सांगितलंय, तुलाही सांगतो.

कारखान्याच्या भांडारात एक जागा रिकामी होतेय. मी साहेबांना चिठ्ठी पाठवलीय. एप्रिलअखेरपर्यंत ते ती तुझ्यासाठी धरून ठेवतील. हट्ट आईकडून घेतलास, आता अक्कल मामाकडून घे.

तुझा
भोंगा मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

अक्कल तुझ्याकडून घेतली म्हणून तर वाद घालतेय.

आधी तक्रार. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा मामीने उचलला. "ते बाहेर गेलेत गं." मागे कोणीतरी पेल्यावर चमचा वाजवत होतं. बाहेर गेलेला माणूस घरातला पेला वाजवत नाही, मामा! आई म्हणते, घशाचं ते बारीकसं ऑपरेशन झाल्यापासून तू चिडका झालायस. रागावलायस तर रागाव, पण फोनवर येऊन ओरड की. नाही येणार? बरं, पत्र तर पत्र.

माझी कंपनी यंत्रांच्या पुस्तिका करते. यंत्र कसं जोडायचं, कसं चालवायचं, अडलं तर कुठे बघायचं. आम्ही पाच जण पाच गावांत आहोत: संपादकबाई, चित्रकार, तपासनीस, पानांची मांडणी करणारी एक जण आणि मी. चित्रकार सोमवारच्या बैठकीतसुद्धा तोंड उघडत नाही, लिहूनच उत्तरं देतो. का, ते कोणी विचारलेलं नाही. त्याची चित्रं चोख असतात, बास.

आता तुझी गादी. विद्यापीठात आमचा चौघांचा गट होता: बेकरीवाला, पोस्टमन, एक तान्ह्या बाळाची आई आणि मी. चार गावांच्या पाण्याचा जडपणा मोजायचा प्रकल्प होता. बेकरीवाला पहाटे भट्टीवर, तो दुपारी मोकळा. पोस्टमन संध्याकाळी. बाळाची आई बाळ झोपेल तेव्हा. चौघं एका वेळी कधी भेटलोच नाही. पहिला महिना नुसता गोंधळ: एकाने केलेलं दुसऱ्याने परत केलं, तिसऱ्याने पुसलं. मग पोस्टमन म्हणाला, "पत्ता अर्धा असेल तर पत्र कसं पोचणार?" त्याने नियम काढला. काम थांबवताना तीन ओळी लिहायच्या. काय केलं. कुठे अडलंय. पुढच्याने काय करावं. एवढं लिहिल्याशिवाय उठायचं नाही.

आणि आमचे सर प्रश्नांची उत्तरं फक्त गुरुवारी द्यायचे, तीही लेखी. "सर, समजत नाही" असं लिहिलं तर पुढच्या गुरुवारपर्यंत बसा बोंबलत. म्हणून प्रश्न विचारायलाच शिकावं लागलं: मी हे करून पाहिलं, असं झालं, असं व्हायला हवं होतं. निम्म्या वेळा प्रश्न लिहिता लिहिताच उत्तर सापडायचं. वर्गात शेजारणीच्या वहीत डोकावणाऱ्यांना हे शिकावं लागतं का? सांग.

तुझी
टाचणी


२० फेब्रुवारी

टाचणे,

वकिली छान केलीस. पण कोर्ट अजून उठलेलं नाही.

तुझा पोस्टमन शहाणा माणूस, मान्य. पण प्रकल्प पाण्याचा होता. चुकला असता तर चार गुण गेले असते. कामात चुकलं की माणसाचं जातं. तिथे कोण कोणाला वाचवतं, ते मला बघायचंय. एक पंप जळायला लागला की पहिल्यांदा वास येतो, मग आवाज बदलतो, मग धूर. तुझ्या पडद्यातून वास येतो का? माणूस अडचणीत असला की त्याची मान खाली जाते. तुमच्या पाच गावांत कोणाची मान खाली गेली ते कोणाला दिसणार आहे? घोडामैदान जवळच आहे. एप्रिल लांब नाही.

फोनचं म्हणशील तर मला तो डबा आवडत नाही. पत्रात माणूस विचार करून बोलतो.

मामा


१४ मार्च

मामा,

तू जिंकलास बहुतेक.

मला पहिलं मोठं काम मिळालं: घरगुती पंपाची चाळीस पानी पुस्तिका, मुदत दहा दिवस. मी ते परीक्षेसारखं केलं. विद्यापीठात गटाचं काम सोडलं तर बाकी सगळं एकट्याने लिहून शेवटच्या तारखेला द्यायचं, स्वच्छ, डाग नसलेलं. आधी काय गिचमिड होती ते कोणी विचारत नाही. नऊ दिवस मी कोणाला एक शब्द लिहिला नाही. मधे मी प्रकरणांचा क्रम बदलला, पंपाचे भाग वेगळ्या तऱ्हेने पाडले, चांगलेच पाडले. पण चित्रकार जुन्या यादीवरून चित्रं काढत बसला होता. चौदा चित्रं वाया गेली, मामा. चौदा! त्याने एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त लिहिलं, "पुन्हा काढतो." ते जास्त लागलं.

संपादकबाईंचं उत्तर तुला जसंच्या तसं देते. "नऊ दिवस तुम्ही आहात की नाही हेच मला कळलं नाही. काम चांगलं आहे. पण काम चांगलं असणं वेगळं आणि तुमच्यासोबत काम करता येणं वेगळं. एप्रिलमध्ये मला दुसऱ्या गोष्टीवरून ठरवायचं आहे."

तू विचारशील, तुझ्या त्या तीन ओळी कुठे गेल्या? मला वाटलं, ते विद्यार्थ्यांचं पोरकटपण. नोकरीत अर्धवट काही दाखवलं तर लोक हसतील. परीक्षेची वाईट सवय सोबत आणली आणि गटाची चांगली सवय मागे ठेवून आले. आईने मशीन थांबवून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." बघ, तिलाही काही सांगितलं नाही.

भांडारातली जागा अजून आहे का?

टाचणी


१९ मार्च

टाचणी,

जागा आहे. पण आज तू ती मागायची नाहीस. पळून आलेल्याला मी जागा देत नाही, आणि तू पळणारी असतीस तर इतकं खरं पत्र लिहिलं नसतंस.

एक गोष्ट सांगतो. मामीला माहीत नाही. चौतीस वर्षांत कोणालाच सांगितलेली नाही.

आमच्याकडे प्रत्येक यंत्राजवळ एक वही टांगलेली असायची. शिफ्टची वही. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी लिहायचं: काय केलं, काय उघडं आहे, कशाला हात लावू नको. दोन शिफ्टची माणसं क्वचितच भेटायची. एक गेटातून बाहेर पडायचा, दुसरा आत यायचा. वहीच आमचं बोलणं. लक्षात आलं ना, मी कुठे चाललोय? तुझ्या पोस्टमनने काढलेला नियम आमच्याकडे खिळ्याला लटकत होता, आणि मी फेब्रुवारीत तुला गादी म्हणून हिणवत होतो.

एका दुपारी मी यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी काढून आतली सफाई केली. तेवढ्यात गेटवर सभा लागली. मला बोलायचं होतं. जाळी परत लावायची राहिली आणि वहीत लिहायचंही राहिलं. मी गेटवर उभा राहून गर्जत होतो. कशावर? यंत्रांना जाळ्या हव्यात यावर! टाळ्या पडत होत्या. त्याच वेळी आत, त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला आलेल्या माझ्या जोडीदाराच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

तो आजही कारखान्यात आहे, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतो, तीन बोटांत कप धरतो. जाळी कोणी काढली ते त्याला ठाऊक नाही. एरवी मी त्याच्या शेजारीच उभा असायचो, टाचणे, खांद्याला खांदा लावून. शेजारी उभं राहिल्याने तो वाचला नाही. एका ओळीने वाचला असता.

तुझी फक्त चौदा चित्रं गेली. उद्यापासून लिही. अर्धवट असलं तर अर्धवट लिही. हसणाऱ्याला म्हणावं, भोंग्याची भाची आहे.

मामा


६ एप्रिल

मामा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि आईलाही दाखवलं नाही. आता कामाचं लिहिते.

चित्रकाराची माफी मागितली. मग रोज संध्याकाळी पाचला, कोणी सांगितलं नव्हतं तरी, मी सगळ्यांच्या फाइलमध्ये तीन ओळी लिहायला लागले. पहिले चार दिवस एकटीच. पाचव्या दिवशी चित्रकाराने खाली त्याच्या तीन लिहिल्या. मग मांडणीवालीने. आता बाई स्वतः लिहितात! काल त्यांच्या दुसऱ्या ओळीत होतं: "कुठे अडलंय: तपासनीस सोडून चालले, पंप उघडून पाहिलेला माणूस आता आपल्यात एकही नाही." मान खाली गेलेली कशी दिसते म्हणालास ना? अशी दिसते. लिहायची सवय असली तर.

आणि म्हणून बाईंना विचारून तुला प्रश्न पाठवतेय, अगदी गुरुवारच्या पद्धतीने. मी काय करून पाहिलं: सील बदलण्याच्या पानाचा मसुदा लिहिला, सोबत जोडलाय. काय झालं: झाकणाचे सहा नट "एकापाठोपाठ एक, गोलाकार" आवळायचे असं जुन्या पुस्तिकेत होतं, तेच मी ठेवलं. काय व्हायला हवं: कंपनीकडे तक्रारी आहेत की सील बदलल्यावरही पाणी झिरपतं. का झिरपत असेल?

निकाल ३० तारखेला.

टाचणी


११ एप्रिल

टाचणे!

एका प्रश्नात इतकं नीट कोणी मला चौतीस वर्षांत विचारलं नव्हतं. पोरं यायची आणि म्हणायची, "भोंगाकाका, चालत नाही." अरे काय चालत नाही? पंप, पंखा की तुझं डोकं?

गोलाकार आवळणारा माणूस पुस्तिका लिहायला बसला होता, हे वाचून मी घरात दोन फेऱ्या मारल्या. झाकण एका अंगाला दबतं आणि दुसऱ्या अंगाला उचललं जातं, मग झिरपणारच! समोरासमोरचे नट आलटूनपालटून आवळायचे, आधी सगळे हलके, मग दुसऱ्या फेरीत पक्के. सीलच्या चकचकीत बाजूला बोट लावायचं नाही; हाताचा तेलकटपणाही तिला बाधतो. स्वच्छ सुती फडकं घ्यायचं. आणि पाणी भरल्याशिवाय पंप चालू करून "बघायचं" नाही. कोरडा फिरला की नवं सील बघता बघता जळतं आणि माणूस सीलवाल्याला शिव्या घालतो. ही ओळ पानाच्या शेवटी नको, पहिली घाल. लोक शेवटपर्यंत वाचत नाहीत, हे मला भाषणांवरून माहीत आहे.

तुझा मसुदा लाल पेनाने रंगवून सोबत पाठवलाय. रागावू नकोस. आणखी पानं असतील तर पाठव.

मामा


२० एप्रिल

मामा,

तुझी लाल पानं मी जशीच्या तशी फाइलमध्ये लावली. चित्रकाराने नटांना एक ते सहा आकडे देऊन इतकं झकास चित्र काढलंय की आईसुद्धा पंप जोडेल. त्याने खाली लिहिलंय, "या लाल पेनवाल्या माणसाला सोडू नका."

आता खरी बातमी. बाई विचारतात, तुझा मामा तपासनीस म्हणून येईल का? आठवड्यातले तीन दिवस, घरूनच. सोमवारी सगळ्यांसोबत एक बैठक. मी म्हटलं, त्याच्यासारखा बोलणारा तुम्हाला सापडणार नाही, सोमवारची बैठक तो एकटाच गाजवेल! हो म्हण. मग मात्र तुला पडद्यासमोर यावंच लागेल, पेला वाजवून चालणार नाही.

टाचणी


२३ एप्रिल

चि. टाचणी,

बाईंना माझे आभार कळव. जमणार नाही. मी भिंतीशी बोलत नाही आणि पडद्याशीही बोलणार नाही. पानं पाठवत जा, मी तुझ्यासाठी तपासेन. बैठकीचं पुन्हा काढू नकोस.

मामा


२४ एप्रिल

टाचणी,

कालचं पत्र मामीने टपालात टाकलं आणि परत येऊन म्हणाली, "पोरीने चौदा चित्रांचं कबूल केलं, आणि तुम्ही?" मामीला मी जोडीदाराची गोष्ट काल सांगितली, पाटीवर लिहून. पाटीवरच, कारण मला बोलता येत नाही.

घशातली गाठ साधी निघाली, पण जाताना आवाज घेऊन गेली. सहा महिने झाले. आता नुसती हवा येते. ताईला किरकोळ सांगितलं, तुला काहीच सांगितलं नाही. फोन म्हणून उचलला नाही. राग नव्हता गं. भोंग्याला आवाज नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? मी गप्प राहिलो की सगळे माझ्याकडे बघतात. आणि तू त्या लोकांना सांगितलंयस, मामा बैठक गाजवेल.

पेला मीच वाजवत होतो. मामीला बोलवायला.

मामा


१ मे

मामा,

पत्र वाचून मी रडले, मग आईला सांगितलं, मग ती रडली, मग चिडली. रविवारी येतेय ती तुला बघायला. तयारीत राहा. आवाज नाही म्हणून सुटशील असं समजू नकोस, ती दोघांचं बोलून घेईल.

आता माझा निकाल. काल बाईंचं पत्र आलं, दोनच वाक्यांचं. "तुम्ही कुठे आहात हे आता मला रोज कळतं. कायम." भांडारातली जागा साहेबांना मोकळी करायला सांग.

आणि तुझं ऐक. तुझी गोष्ट मी फाइलमध्ये लिहिलेली नाही. ती तुझी आहे. बाईंना फक्त एवढं विचारलं की बैठकीत लिहूनच भाग घेतलेला चालेल का. त्या म्हणाल्या, "चित्रकार चार वर्षं तसाच घेतो. त्याचा आवाज कसा आहे मला माहीत नाही आणि कधी अडलेलं नाही." कळलं का? जिथे तुझा आवाज कोणी ऐकलेलाच नाही, तिथे तो गेला असं कोणाला वाटणारच नाही. तुझं लाल पेन त्यांना ऐकू येतं, आणि चांगलं खणखणीत येतं. मी पडद्यावर शिकले, ते हेच. समोरच्याला दिसत नसताना, ऐकू जात नसताना, त्याच्या हातात नीट काहीतरी ठेवून उठायचं. तुझ्या वहीत हे आधीपासून होतं.

तरी एका बाबतीत तुझं खरं. पडद्यातून वास येत नाही. चाळीस पानं लिहिली, पण पंप मी एकदाही उघडलेला नाही. मला भांडारातली खुर्ची नको, आठ दिवस कारखाना हवाय. साहेबांना एक चिठ्ठी अजून लिहिशील?

आणि बाईंना होकार लिही. तीन ओळींत लिहिलास तरी चालेल.

टाचणी


१० मे

टाचणी,

काय केलं: बाईंना होकार लिहिला. साहेबांना चिठ्ठी दिली, ते हो म्हणाले. जोडीदाराला दुसरी चिठ्ठी दिली. त्यात जाळी कोणी काढली ते लिहिलं होतं.

कुठे अडलंय: त्याने ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि चहा न घेता गेला. चार दिवस फिरकला नाही. आज आला आणि एवढंच म्हणाला, "तुझ्या भाचीला पंप मी उघडून दाखवणार. तू बाजूला उभा राहून लिही." याचा अर्थ काय घ्यायचा ते अजून कळलेलं नाही. विचारणार आहे.

पुढच्याने काय करावं: सोमवारी सकाळी सातला गेटवर यावं. बाह्या घट्ट, केस बांधलेले. यंत्राला हात लावण्याआधी जाळी जागेवर आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. वहीत मी लिहिलेलं असलं तरी.

मामा